टिकलीचा उजवा नाल

स्पर्धेचं मैदान,
दि. ३ मार्च

चि. मास्तरीणबाईंस अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला, कारण महिन्याभरात तीन शहरं झाली. घोड्यांच्या उड्यांच्या एका स्पर्धेत दुसरा आलो, एका स्पर्धेत पहिला. तुझ्या पदवीच्या कागदापेक्षा माझा चषक जड आहे, एवढं उचलून बघून सांगतो. ज्यांचे घोडे मी पळवतो त्या मालकांच्या पाहुण्यांत आता माझी उठबस असते. परवा एका बाईंनी वडील काय करतात असं विचारलं. मी म्हटलं, घोड्यांच्या पायांचे तज्ज्ञ आहेत. ऐरणीवर घाम गाळतात म्हटलं असतं तर बाईंनी हातातला चमचा खाली ठेवला असता.

आता कामाचं. टिकली घोडीचा पुढचा डावा पाय दुखावलाय, शीर सुजली आहे. पंधरा तारखेला डॉक्टरांची तपासणी आहे. फरसबंद अंगणात घोडी दुडक्या चालीने पळवायची असते. दुखरा पाय टेकला की घोडी मान वर झटकते, आणि तेवढ्यावर बाद करतात. बाबांना उपाय ठाऊक आहे. चांगल्या खुराचा नाल जरा आवळून ठोकला की तोही दुखतो. दोन्हीकडे सारखंच दुखलं की मान स्थिर राहते. इथल्या नालबंदांच्या तोंडी तीळ भिजत नाही, म्हणून बाबांना चौदा तारखेच्या बसने पाठव. धुतलेला शर्ट घालायला सांग. आणि हा भाग त्यांना एकांतात वाचून दाखव.

लोभ आहेच, तुला वाढवायचा असेल तर माझी हरकत नाही.

तुझा,
दादा


घर,
दि. ७ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

आपल्या घरात एकांत कुठे असतो ते कळव. तू गेल्यापासून भिंती काही वाढलेल्या नाहीत. पत्र नेहमीसारखं भट्टीसमोर वाचलं, मोठ्याने, दोनदा. ‘तज्ज्ञ’ ऐकून आईला इतकं हसू आलं की तिने भांडी तशीच ठेवली.

टिकली आज मालकांची आहे, पण आपल्या परसात जन्मली तेव्हा तू तिला स्वतःच्या स्वेटरने पुसलं होतंस. कपाळावरचा ठिपका पाहून नावही तूच ठेवलंस. आता तिलाच दोन्ही पायांनी दुखवून दांड्यांवरून उडवायचं, का तर टोपीवाल्या बायांनी टाळ्या वाजवाव्यात. शीर तुटली तर ती पुन्हा उभी राहणार नाही. हे तुला माहीत आहे, म्हणूनच ते पत्रात नाही.

या घरात शिकणारी मी पहिली. समोर आलेल्या कागदावरचं खोटं ओळखावं, एवढ्यासाठी तरी ते शिक्षण असेल असं मला वाटतं. म्हणून तपासणी समितीला पत्र लिहून पाकिटात घातलं. बाबांनी ते मागून घेतलं आणि छपराच्या वाशात खोचून ठेवलं. म्हणाले, काम नालाचं आहे, मला करू दे. हातोडी, कानस आणि नव्या नालांचा जोड पेटीत भरून ठेवलाय. तू बोलावलंस आणि ते निघाले. तुझी लाज वाटायची सवय होती. त्यांची पहिल्यांदाच वाटतेय.

शर्ट धुतलाय. भट्टीचे डाग निघत नाहीत.

लोभ असावा, निदान टिकलीवर.

तुझी,
मास्तरीण


स्पर्धेचं मैदान,
दि. १६ मार्च

चि. मास्तरीणबाईंस,

या खेपेला आशीर्वाद नाहीत. बाबांचा हात गेला.

मी पाहुण्यांबरोबर नाश्त्याला होतो. परत आलो तर नाल ठोकून झाले होते आणि बाबा पेटीवर बसले होते. झालं का विचारलं, तर म्हणाले, व्हायला हवं तसं झालं. तीन डॉक्टरांपुढे घोडी पळवली. उजवा पाय फुलासारखा पडत होता, आणि डावा टेकला की मान अशी उडायची की टोपीवाल्यांनाही कळावं. बाद. वर्षभर मैदानात आणू नये असा शेरा. म्हाताऱ्याला एक नाल आवळता आला नाही.

मालक म्हणाले, ही घोडी नजरेसमोर नको. तर बाबांनी सगळ्यांदेखत तिची दोरी धरली आणि कोबीच्या रिकाम्या टेम्पोत चढवून नेली. त्या बाईंनी विचारलं, हे गृहस्थ कोण. मी म्हटलं, असेल कोणी नालबंद.

मला आता मालकांच्या पुतणीचं मठ्ठ तट्टू फिरवायला दिलंय. बाबांना सांग, पुन्हा हातोडी उचलू नका.

लोभाचं पुढे बघू.

दादा


घर,
दि. २० मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र भट्टीसमोर वाचलं, दोनदा. हात गेला हे ऐकून बाबांनी आपला हात उलटासुलटा करून पाहिला आणि मला पुढे वाचायला सांगितलं.

त्यांनी लिहायला सांगितलं ते असं. उजव्या खुराचा नाल त्यांनी तीनदा तापवून बसवला. जन्मात इतका नेमका नाल ठोकला नव्हता. तो पाय फुलासारखा पडावा, म्हणजे डाव्याचं दुखणं झाकलं जाणार नाही, म्हणूनच. लहानपणापासून खूर मांडीवर धरायचं काम तुझं. त्या सकाळीही ते तुझी वाट पाहत अर्धा तास थांबले होते, मग खूर स्वतःच्या गुडघ्यांत घेतला. तू धरायला आला असतास तर तुला तिथेच कळलं असतं, आणि अडवताही आलं असतं.

मी त्यांची माफी मागितली. कशाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही.

‘असेल कोणी नालबंद’ हे वाक्य मी गाळणार होते, पण या घरात पत्र गाळून वाचत नाहीत. आई उठून आत गेली. बाबा म्हणाले, बरोबर लिहिलंय त्याने, नालबंदच तर आहे मी. तेव्हा अभिनंदन, दादा. इतक्या पत्रांत तुझं हे पहिलं खरं वाक्य.

टिकली परसात आहे, नाल काढून अनवाणी. सकाळी तिचा पाय थंड पाण्यात ठेवतो. खूर मी धरते. पदवीधराच्या मानाने बरं धरते, असं बाबा म्हणतात. तुझ्या तट्टूचे नाल सैल झाले तर इकडे घेऊन ये. शर्ट कुठलाही चालेल.

लोभ किती उरलाय, ते येऊन पाहावं.

तुझी,
मास्तरीण