एर्सिलियाचा शंख

प्रिय नेव्हिओ,

आईच्या थडग्याचा नवा दगड अजून पाथरवट आर्तेमियोच्या अंगणात आडवा पडला आहे. नाव आणि साल कोरून झालंय, खालची ओळ रिकामी आहे. तिथे बाबांना त्या शंखाचं शास्त्रीय नाव हवं होतं, त्यांनी आईवरून ठेवलेलं: कोनुस एर्सिलिए. आर्तेमियो छिन्नी चालवता चालवता त्यांना चिडवायचा, "मास्तर, बायकोच्या डोक्यावर गोगलगाय बसवताय, रात्री येऊन कान धरेल ती." बाबा म्हणायचे, "येऊ दे की. नऊ वर्षं वाट बघतोय."

तो शंख तुला आठवत असेल. अंगठ्याएवढा, शंकूसारखा, खांदे रुंद आणि टोक बसकं. पावसानंतरच्या त्या चिकणमातीच्या घळीत आई त्याच्यासाठीच उतरली. वरून बाबांनी काठीने दाखवला म्हणून. कडा तिच्या अंगावर कोसळला तेव्हा तो तिच्या मुठीत होता. पुढे बाबांनी तसेच आणखी सहा जमवले आणि नवी जात म्हणून वर्णन छापलं. आपल्या टेकड्यांवरच्या हौशी जीवाश्म गोळा करणाऱ्यांचं असंच चालतं. तीस लाख वर्षांत शंखाचा रंग उडालेला असतो, मग ते आकारावर विसंबतात. जरा रुंद दिसला की नवी जात.

ऑक्टोबरात आमच्या संग्रहालयात अतिनील दिवा आला. बाबा स्वतःच सातही शंख रुमालात बांधून घेऊन आले. दगडावर कोरण्याआधी एकदा खात्री होऊ दे म्हणाले, आणि लगेच, "तुझा दिवा मला काय शिकवणार? माझ्या बोटांना कळतं." मी शंख दिवसभर ब्लीचमध्ये ठेवले, वाळवले. दुसऱ्या दिवशी ते आल्यावर खिडक्या बंद केल्या. त्या प्रकाशात उडालेला रंग पिवळसर चमकतो. सातही शंखांवर तुटक ठिपक्यांच्या ओळी उमटल्या, मधे एक फिकट पट्टा. इथल्या प्रत्येक ओढ्यात सापडणाऱ्या नेहमीच्या जातीवर नेमकी हीच नक्षी असते. मग खणातले नेहमीचे शंख काढून, सगळे एकत्र करून सडपातळापासून रुंदापर्यंत रांग लावली. आईचा शंख शेवटून दुसरा बसला. रांगेत कुठेही फट नव्हती. तो त्याच जातीचा एक प्रकार आहे. आणि जातीला आधीचं नाव असलं की नंतरचं टिकत नाही.

बाबा शेजारीच उभे होते. अशी रांग त्यांना माझ्याइतकीच वाचता येते. तरी त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाव जातं, बाबा." मोजमाप सांगतात तसं सांगितलं. ते बराच वेळ रुमालाची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "मग ती कशाला उतरली?"

मी दिवा बंद केला, खिडकी उघडली आणि कॉफी घेणार का विचारलं. नको म्हणाले.

फोनवर मी तुला सांगितलं की बाबा फिरायला गेले होते, पाय घसरला. ते खरं आहे, पण अपुरं. त्या रविवारी पाऊस थांबल्यावर ते आईच्याच घळीत उतरले होते, तिचं नाव टिकेल अशी दुसरी जात शोधायला. कोटाच्या खिशात तीन शंख मिळाले, तिन्ही रुंद खांद्यांचे. दफनाला तू आला नाहीस. आईला घळीत उतरवणाऱ्या त्या काठीवरून तू त्यांच्याशी बोलणं टाकलंस ते टाकलंसच, मी त्यावर काही म्हणत नाही. पण आर्तेमियो आता विचारतोय, दगडावर बाबांचं नावही घालायचं का, आणि खालच्या ओळीचं काय. ते तिन्ही शंख मी धुतले, ब्लीचमधून काढले, वाळवले. टेबलावर आहेत. आकारावरून मला अंदाज आहे, तो मी लिहिणार नाही. दिवा अजून लावलेला नाही. तू ये. खिडक्या दोघं मिळून बंद करू.

तुझी बहीण,
ओत्ताविया