आजीच्या ओठांवरचं बोट

सोमवार, संध्याकाळ. गडचिरोली

परीले घेऊन आज प्लेस्कूल पाहाले गेली होती. मोठ्या शाळेच्या केजीत तिथलीच पोरं जास्त घेतात म्हणे. मॅडम म्हणाल्या, "घरी गावची भाषा बंद करा, मुलाखतीत मूल अडकतं." घरी येऊन सासूबाईले तेच सांगतलं, परीसमोरच.

अंगणवाडी बाजूलेच आहे. तिथं परी गाणे म्हणते, नाचते. पण मंग केजीचं काय? माझं चुकत तर नाई ना?

आता जेवताना सासूबाईनं इचारलं, "परी, तुले अजून भात पायजे का वं?" परीनं पटकन त्यांच्या ओठांवर बोट ठेवलं. असं तर मी शिकवलं नाई. मंग तिनं माझ्याकडं पाह्यलं, शाबासकीसाठी.

ते इवलंसं बोट. भाताचं शीत लागलेलं.

अन् माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हेरी गुड."