पाहुण्याचं पाणी

८ एप्रिल, मंगळवार
अकोल्याहून संध्याकाळी परत. यांचं डायलिसिस झालं. अकोटपर्यंत बसमध्ये डोळे मिटून होते. मी मधूनमधून नाकाखाली बोट धरून बघत होते, श्वास चालू आहे ना. डॉक्टरीणबाईंचं तेच. दिवसाला एक तांब्या पाणी, वर थेंब नाही, आणि तेवढं तरी गोडं. आमच्या खारपाणपट्ट्यातले इतके किडनीचे पेशंट त्यांच्याकडे पडलेले असतात की हातपंपाच्या खाऱ्या पाण्याचं नाव काढलं तरी त्या कपाळाला हात लावतात.

घरी आले तर अंगणात सरपंच. "वनिताबाई, उद्या बैठक हाय. हात पॅनलसंग वर करजा."
चहा केला. यांच्यासाठी विकत आणलेल्या कॅनमधल्या पाण्याचा. हातपंपाच्या पाण्यानं दूध फाटतं, आणि पाहुण्याला फाटका चहा कसा द्यायचा?

९ एप्रिल
ग्रा.पं.ची बैठक. विषय एकच, गोड्या पाण्याचं यंत्र. शासन यंत्र देणार, पण दोन अटी. तालुक्याच्या साहेबांनी हातपंपाचं पाणी पिण्याजोगं नाही असा अहवाल द्यायचा, आणि गावानं पाणीपट्टी वाढवून वीज-देखभाल उचलायची.

रंगराव सरपंच, म्हणजे आमचं कपबशी पॅनल: "मिठावर टॅक्स, मिरचीवर टॅक्स, पेट्रोलवर टॅक्स. आता पान्यावरबी? पानी देनं सरकारचं काम हाय. एक रुपया वाढू देनार नाई."
छत्री पॅनलचे नामदेवभाऊ, म्हणजे माझे भासरे, यांचे सख्खे मोठे भाऊ: "सरकार म्हंजे कोन? तुमचा-आमचाच खिसा. फुकट खाऊन गाव बसून गेलं. पट्टी वाढवा, आन यंत्र ठेकेदाराले चालवाले द्या."
"ठेकेदार म्हंजे तुमचा साळा ना?"
झालं. तिथून मुंबई, तिथून दिल्ली. कोणाच्या सरकारनं किती उधळलं, कोणी तिजोरी साफ केली. यंत्र राहिलं बाजूला.

मला सोडून दोन्हीकडे चार-चार, नववा हात माझा. घरात भासरे माझ्याशी थेट बोलत नाहीत. मी समोर उभी असले तरी यांना म्हणतात, "म्हनावं तिले." पंचायतीत मात्र, "सदस्या बाई, बोला." डोक्यावरचा पदर सावरत बोलले. पट्टी वाढवा, पण यंत्र गावाकडेच ठेवा. दोघंही असे बघायला लागले जसा काही मी दोघांच्या ताटात हात घातला. बैठक तहकूब.

११ एप्रिल, शुक्रवार
डायलिसिस झालं. यांचं वजन उतरलंय. बोलणंही कमी.

१२ एप्रिल
अकोटच्या कॅनवाल्याला कुलूप. परवाना नाही म्हणून कारवाई. आमचं गोडं पाणी त्याच्याकडूनच यायचं.
पारावर यावरही दोन पक्ष. रंगराव खूश, "नियम म्हंजे नियम. काय पाजत होता कोनाले मालूम?" भासरे संतापलेले, "परवाने, शिक्के, सायब! धंदा करू देत नाई कोनाले." दोघांचंही थोडं थोडं खरं असेल. पण माझ्याकडे अर्धा माठ उरलाय आणि घरात माणूस आहे ज्याच्या पोटात खारं पाणी गेलं तर... पुढचं लिहवत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार
अकोल्यात दवाखान्याच्या नळावर बाटल्या भरून घेतल्या. पिशवी जड. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "काकू, अकोल्याचं पानी घेऊन कुठं चालल्या?" मी हसले. उतरल्यावर रडले. यांनी बघितलं. घरी येऊन मी बाटल्या माठात रिकाम्या केल्या.

१६ एप्रिल
तपासणीवाले साहेब आज आले, न सांगता. मी शेतात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायला गेलेली. धावत आले तोवर जीप वळणावर होती.
ओसरीवर हे बाजेवर बसलेले. बऱ्याच दिवसांनी चेहऱ्यावर तरतरी. "सायब आले होते आपल्या घरी. चांगला मानूस."
"पाणी दिलं?"
"नाई तं काय! माठातलं देलं."
"हातपंपावर गेले का ते?"
"एवढ्या उन्हात कुठं पाठवू? संगं शिपाई होता, बाटली घेऊन. म्हटलं, इथूनच भरा."

खारं पाणी तपासायला आलेल्या माणसाच्या बाटलीत यांनी अकोल्याच्या नळाचं पाणी भरून दिलं. स्वतःच्या हातानं. आणि स्वतःच्या वाट्यातलं.
ओरडले मी. शेजारची बाई दारात येऊन गेली. हे गोंधळून म्हणाले, "पाव्हन्याले खारं पानी देतात का व?" मीसुद्धा कधी दिलं नाही. माझ्या सासूनं नाही, तिच्या सासूनं नाही. गावात प्रत्येक घरी गोड्या पाण्याचा एक माठ वेगळा असतो, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. म्हणून तर इथून जाणारा प्रत्येक मंत्री, प्रत्येक साहेब म्हणतो, गाव छान आहे, पाणीही छान.

२१ एप्रिल
अहवाल आला. पाणी पिण्यास योग्य. यंत्राची गरज नाही.

२२ एप्रिल
बैठक. यांना सकाळच्या डायलिसिसला नणंदेच्या मुलासोबत पाठवलं, जीव तिकडे.
रंगराव: "इरोधी पक्षानं सायबाले म्यानेज केलं. आपल्या गावचं यंत्र दुसरीकडं पळवलं."
भासरे: "सायबानं बरोबर लिवलं. सरकारचा पैसा वाचला. उगा खर्च कायले?" तेरा दिवसांपूर्वी हेच यंत्र मागत होते. आता ठेकेदार नाही तर यंत्रही नको.
मी उभी राहिले. सांगितलं सगळं. ती बाटली आमच्या माठातली होती, यांनी भरून दिली.
लगेच रंगराव, "भासऱ्याले वाचवून राहिल्या तुमी." आणि त्याच दमात छत्रीवाल्यांतून कोणी, "कपबशीनं शिकवून पाठवलं बाईले." भासरे मान खाली घालून. त्यांना माहीत आहे मी खोटं बोलत नाही. तरी मान खाली.
खरं बोलल्यावर दोन्ही बाजूंनी मार खाल्ला. घरी येऊन भांडी आपटली.

२४ एप्रिल
पंचायत समितीत गेले, अकोटला. तेच तपासणीवाले साहेब म्हणाले, तपासणी एकदाच होते. मी दारातून हलले नाही. साहेब जेवायला गेले, परत आले, मी तिथंच. नवऱ्याचे कागद टेबलावर ठेवले. साहेबांनी ते वाचले नाहीत, माझ्याकडे बघितलं. सोमवारी त्या बाजूला येणं आहे, बघतो म्हणाले.
"बघतो" वर जगतेय.

२५ एप्रिल, शुक्रवार
डायलिसिस चालू असताना बी.पी. पडलं. मध्येच थांबवावं लागलं. बाटल्या भरायला वेळच मिळाला नाही, दोनच आणल्या. परतताना हे म्हणाले, "माह्यासाठी कोनाशी भांडू नोको. गावात राहाचं हाय तुले." म्हणजे मला एकटीला. कशाला असं बोलायचं माणसानं?

२८ एप्रिल, सोमवार
साहेब आले.
बातमी लागलीच गावाला. आमच्या ओसरीवर रंगराव एका खुर्चीवर, भासरे दुसऱ्या, मध्ये साहेब. दोघंही आपापलं सरकार सांगून राहिले होते. साहेबांचा शर्ट घामानं चिकटलेला.
मी हातपंपावर गेले. पेला भरला. आणून साहेबांसमोर धरला.
भासऱ्यांनी ओळखलं. उठून उभे राहिले. या घरात पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले. "वनिता, काय करून राहिली? पाव्हना हाय तो!"
आणि रंगराव, "बाई, गावाची इज्जत काढू नोका. माठातलं आना."
कर, खर्च, ठेकेदार, परवाना, कशावरच ज्यांचं कधी जमलं नाही, त्या दोघांचं आज एकमत झालं.
मी पेला खाली केला नाही. साहेबांनी घेतला. एक घोट. चेहरा वाकडा झाला, पण लोकांच्या घरात थुंकणार कुठं, गिळला. मला वाटलं, झालं. आता लिहितील.

तेवढ्यात हे बाजेवरून उठले. भिंत धरून आले. हातात तांब्या, आजचा, तोंडही न लावलेला. "तिचं मनावर घेऊ नोका सायब. हे घ्या. गोडं हाय."
मी नको म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. ऐकलं कोणी?
साहेब तहानलेले होते. तांब्या उचलला आणि पिऊन टाकला, पार तळापर्यंत. तांब्या परत देताना यांच्या सुजलेल्या हाताकडे त्यांचं लक्ष गेलं. सुयांच्या खुणांकडे. काही तरी विचारायला तोंड उघडलं होतं. मग रंगराव बोलायला लागले, मग भासरे, मग दोघं एकदम.
बाटली या वेळी भरलीच नाही. कळवतो म्हणाले आणि जीपमध्ये बसले. कोणतं पाणी लक्षात ठेवतात, पहिलं की दुसरं, देव जाणे.

संध्याकाळ. भासरे आले होते, दारातच उभे राहिले. यांना म्हणाले, "म्हनावं तिले, पट्टीच्या बैठकीत मी..." पुढं बोलले नाहीत, गेले.
माठ रिकामा, उपडा करून ठेवलाय. उद्या अकोला, पण ते सकाळी. हे डोळे मिटून पडलेत, मधूनमधून ओठ चाटतात. पाहुणा तहानलेला गेला नाही, याचं समाधान आहे चेहऱ्यावर, आणि त्या समाधानाचा मला इतका राग येतोय की जवळ बसवत नाही. तरी बसलेय.
उशाशी साहेबांनी न संपवलेला खाऱ्या पाण्याचा पेला तसाच आहे, एक घोट कमी. यांनी पाणी मागितलं तर काय देऊ?