हळदीचं पाणी

अव्वा, आपल्या विहिरीच्या पाण्याबद्दल तुला काही सांगायचं आहे, आणि ते घरात दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते, पण तुझा एक धपाटा अजून पाठीवर आहे. आपल्या विहिरीचं पाणी गोड म्हणून शेजारच्या गावांतले लोक लग्नकार्याला न्यायला यायचे. घागर भरली की तू तीत चिमूटभर हळद आणि कुंकू टाकायचीस. विहिरीला वाटू नये की आपल्याला लुबाडलं, लेकीला सासरी पाठवतो तसं पाठवायचं, म्हणायचीस. एकदा न नेता मागे राहिलेल्या अशाच घागरीतलं पाणी मी मोरीत ओतलं. तू थापायला घेतलेली भाकरी परातीत टाकून उठलीस. "पाठवणीचं पाणी मोरीत? कामून गं, दारात झाड न्हाई का?" मी रडत कडुलिंबाच्या आळ्यापाशी जाऊन बसले. थोड्या वेळानं तूच भाकरीवर लोणी घालून आणून दिलंस, आणि मी खाऊन होईपर्यंत तिथेच उभी राहिलीस.

आता मी गुलबर्ग्याला विद्यापीठात शिकते. पर्यावरणशास्त्र हा विषय नवा आहे, घरात कुणालाच त्याचं नाव धड घेता येत नाही. अप्पा औरादच्या बाजारात सांगत फिरतात, "धाकटी हवापाण्याचं शिकायलीय." कुणी विचारलं, हवापाण्याचं काय शिकायचं असतं, तर म्हणतात, "तेच तर शिकायलीय." आई म्हणून तू गेल्यावर, मला शिकता यावं म्हणून थोरल्या अक्कानं शाळा सोडून चूल धरली. सुट्टीत मी तिला अक्षरं शिकवली. आपण शिकून गावाला काहीतरी द्यायचं, असं मी तेव्हा तिच्यासमोर फार मोठ्या तोंडानं बोलत असे.

सरांनी प्रत्येकाला आपापल्या गावचं पिण्याचं पाणी तपासायला आणायला सांगितलं. मी अक्काला लिहिलं: काचेची बाटली उकळत्या पाण्यानं धू, काठोकाठ भर, बूच घट्ट लाव. अप्पा बसमध्ये ती बाटली मांडीवर धरून आले. औषधाची तपकिरी बाटली, तिला ओलं फडकं गुंडाळलेलं. वसतिगृहाच्या फाटकात ती माझ्या हातात देताना म्हणाले, "थेंब सांडू दिला न्हाई बघ."

प्रयोगशाळेत सगळ्या बाटल्या एका मेजावर ठेवल्या होत्या, नावाच्या चिठ्ठ्या अजून लावायच्या होत्या. सरांनी एक बाटली पांढऱ्या भांड्यात रिकामी केली. पाणी पिवळं, वर कुंकवाचे कण. मला क्षणात कळलं. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, फोडणी तेवढी राहिलीय," आणि सगळा वर्ग हसला. सरही हसले. त्यांनी विचारलं, "कुणाचं हे?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. मीच म्हणाले, "असेल कुठल्यातरी अडाणी घरचं." सर म्हणाले, टाकून द्या ते. मी सगळ्यांत जवळ उभी होते. ओतलं बेसिनमध्ये. माझी बाटली गावाहून अजून यायची आहे, असं सांगून मोकळी झाले.

त्याच दिवशी अक्काला कार्ड लिहिलं: तुझ्या हळदीनं पाणी बिघडलं, एवढंही तुला कसं कळत नाही. ती जोडाक्षरं लावत लावत ते वाचत असेल, हे कार्ड पेटीत टाकल्यावर मनात आलं.

पुढच्या सुट्टीत मी जाऊन स्वतः पाणी भरलं, अक्काशी धड न बोलता त्याच दिवशी परतले आणि ते तपासलं. पाणी वाईट निघालं. तुझ्या वेळी गोठा मळ्यात होता. आता अप्पांनी विहिरीच्या वरच्या अंगाला नवा दगडी गोठा बांधलाय, त्याच्यावर त्यांचा फार जीव. त्याचीच घाण मुरत विहिरीत उतरत होती. गल्लीतली पोरं जुलाबानं बेजार होती. हे सांगायला मी घरी धावत गेले, तर अक्का सोमवार धरून बसलेली. पाणी बिघडलं एवढंच तिनं माझ्या कार्डातून घेतलं होतं, आणि ते आपल्या हातून, असं तिनं सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. विहिरीची ओटी भरली होती, क्षमा मागितली होती. शेजारची काकू घागर भरत मला म्हणाली, "आता काय भ्या न्हाई बाई. तुझ्या अक्कानं ओटी भरल्यापासून पाणी पुन्हा गोड झालंय."

तिथेच, बायकांसमोर, मी ओरडून सांगितलं की अक्काच्या हळदीनं काही झालेलं नाही, आपल्या गोठ्याचं मूत विहिरीत मुरायलंय. अप्पा कासरा हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "चारचौघांत बापाचा गोठा काढलास व्हय." काकू म्हणाली, "शिकवलाव ना? आता ऐका." कुणी हसलं नाही. अप्पा अक्काकडे वळून म्हणाले, "सोमवार सोड, पोरी. तुझं काय चुकलं न्हाई." सकाळी त्यांनी म्हशी सोडून मळ्यात नेल्या. काकूनं घागर उपडी ठेवली आणि मला विचारलं, आता पाणी कुठलं प्यायचं, ते पण सांग. विहीर उपसून औषध टाकेपर्यंत सगळी गल्ली दुरून, वेशीजवळच्या बोअरवरून पाणी आणत होती.

निघताना अक्का मला बसपर्यंत पोचवायला आली. भाकरीचं गाठोडं हातात देत म्हणाली, "एक विचारू? रागावशील."

"विचार की."

"ते पयलं पाणी, अप्पा घेऊन आलते ते. ते कुठं ओतलीस गं?"

"झाडाला."

"कशाच्या?"

"लिंबाच्या."

"मग बरं झालं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा मोकळा झाला की मला बसमध्ये खिडकीशी बसवेना.

अक्काला आता अक्षरं वाचता येतात, म्हणून हा कागद घरी न्यायचा नाही. प्रयोगशाळेच्या दारात खरंच एक कडुलिंब आहे, अव्वा. भांडं हातात घेऊन तिथवर जायला वेळ लागला नसता. पण मग सगळ्यांना कळलं असतं, ते पाणी कुणाच्या घरचं आहे.