दुसरी ओळ

१९ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

मामाचे अनेक आशीर्वाद. पन्नाशी उलटलेल्या बाईला भिंगरी म्हणतोय, रागावू नकोस. इकडे आम्ही दोघं ठीक. गुडघे कुरकुरतात, पण आपापसात.

तुझ्या आईला भेटायला तिकडे यायच्या व्हिसाचं विचारलंस. अजून 'प्रक्रियेत' आहे. काय गोंडस शब्द! जणू आत कुणीतरी मंद आचेवर शिजवत बसलंय. भरलेली बॅग दाराशीच आहे, पण तुझी मामी तिच्यातला एकेक कपडा वापरायला काढते. काल स्वेटर निघाला. मी म्हटलं, "अगं, तो ताईकडे न्यायचाय." तर म्हणे, "तिकडे पोचेपर्यंत इथेच गारठाल." मग हसलं मात्र कुणीच नाही.

आज पुन्हा कचेरीत गेलो. काचेआडची मुलगी आता ओळखते. "काका, खेटे घालून काही होत नाही हो. मेसेज येईल."

ताई कवितेची पहिली ओळ म्हणते आणि दाराकडे बघत बसते, असं तू सांगितलंस. कोणती ओळ, ते मला ठाऊक आहे. शाळेच्या वाटेवर ती माझं बोट धरून एक ओळ म्हणायची, पुढची मी. मी अडखळलो की तिथेच उभी. घंटा होऊ दे, मास्तर ओरडू देत. माझी ओळ आल्याशिवाय ती पाऊल उचलत नसे. फोनवर म्हणून पाहिली, तिला ऐकूच गेली नाही. कानाशी म्हणायला हवी.

एक सांगायचं टाळत होतो. अर्ज दिला तेव्हा त्या मुलीने विचारलं होतं, "पेशंट सीरियस आहे का? असेल तर तातडीच्या रांगेत घालते." तू पाठवलेलं डॉक्टरांचं पत्र पिशवीतच होतं. पण ताईबद्दल ते शब्द माझ्या तोंडून? "छे छे," म्हटलं, "बरी होतेय. कविता म्हणते अजून." मुलगी गोड हसली आणि अर्ज साध्या रांगेत ठेवला. नंतर पत्र घेऊन धावलो, तर, "काका, फाईल वर गेली, पासपोर्टही गेला. आता रांग बदलता येत नाही." मामीला अजून सांगितलेलं नाही.

काल डॉक्टर काय म्हणाले ते तू सांगत होतीस, तेव्हा लाइन तुटली नव्हती. मीच फोन ठेवला.

म्हणून आज माझी ओळ तुला देतो. द्यायची नव्हती गं.

ताई म्हणेल, "नावाड्या रे, थांब जरासा, सांज उतरली पाण्यावर." तेव्हा गप्प राहू नकोस. तिचं बोट धर आणि कानाशी म्हण,

"भाऊ धाकटा मागे उरला, येतच आहे वाटेवर."

मग ती पाऊल उचलेल. उचलू दे.

वाटेवरच राहिलेला,
तुझा मामा