निर्माल्यातली चावी

माय, तुले जाऊन तीस वर्षं होत आली, अन् मी आज पहिल्यांदा तुले लिहायले बसली. नातीची जुनी वही आहे, तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहून राहिली. अक्षर वाकडंतिकडं आहे. पाचवीत जिथं थांबलं तिथंच आहे ते, त्याले मी काय करू. आधी आनंदाचं सांगते. आपल्या घरातली पोरगी गाडी चालवते वं माय. माझी नात. गाडी जुनी घेतलेली आहे, मागच्या दाराले पोचा आहे, एकच चावी मिळाली तिच्यासोबत. पण रोज त्या गाडीनं ती बेस्याच्या आमच्या घरून शहराच्या पार दुसऱ्या टोकाले, जरीपटक्याले जाते, तिथं रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाले आहे. सकाळी सहाले हजर व्हावं लागते, एवढ्या लवकर आमच्याकडून धड बस नाही. सुट्टीच्या दिवशी मले बाजूले बसवते, पट्टा बांधून देते, अन् मी सिग्नलवर आजूबाजूच्या गाड्यांत पाहत राहते, आपल्याकडे कोणी पाहून राहिलं का म्हणून. संत्र्याचा रस पाजल्याशिवाय घरी आणत नाही. पण ते राहू दे, मी चावीचं सांगायले बसली.

दसऱ्याले गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. चावी देवापुढं ठेव म्हणून मी तिले सांगितलं, ती कामावरून घाईत आली होती, हो आजी म्हणाली अन् आंघोळीले गेली. मधला दिवस सुट्टीचा. तिसऱ्या दिवशी सकाळी चावी नाही. उशा उचलून पाहिल्या, देवघर पाहिलं, चपलांचा रॅक पाहिला. मी तिच्या डब्याच्या पोळ्या लाटत होती. तेवढ्यात माझा पोरगा उठून आला. तुझा नातूच तो, पण आवाज थेट माझ्या बाबाचा आहे. तो म्हणाला, "आजपासून गाडी बंद. तुले चावी सांभाळता येत नाही, नोकरी काय सांभाळशील?" गाडी गेली की नोकरी गेली, हे त्याले पुरतं माहीत होतं. पोरगी मान खाली घालून उभी. ठेवली होती, ठेवली होती, एवढंच म्हणे.

आता तू सांग, मले त्या वेळी कोण आठवणार. खाप्याचं आपलं घर, दसऱ्याचाच दुसरा दिवस, अन् बाबा अंगणात उभे आहेत. साहेबाची जीप चालवायचे ते. दसऱ्याले जीप दारात आणली होती, तिची चावी अन् पाने-पेंचिस अशी सगळी अवजारं पाटावर मांडून पूजा केली होती. सकाळी तू पाटावरची फुलं गोळा केलीस, फडक्यात बांधलीस, गाठ मारलीस अन् माझ्या हाती दिलीस. कन्हान नदीत सोडून ये म्हणालीस. मी सोडून आली. गाठ मी उघडली नाही, उघडायचं मले कोणी सांगितलं नव्हतं. घरी आली तर बाबा चावी शोधून राहिले. चावी कुठं गेली ते तुले एका क्षणात समजलं, मी पाहिलं ना तुझ्या तोंडाकडे. बाबा मले म्हणाले, "जिले एक चावी सांभाळता येत नाही, तिले पुस्तकं कायले पाहिजे?" तू चुलीपाशी पोळ्या लाटत होतीस. तुझं लाटणं थांबलं नाही.

त्याच दिवशी सावनेरहून मिस्त्री आला, स्टेअरिंगखाली डोकं घालून दोन तारा ओढल्या, जोडल्या, जीप सुरू. दुसऱ्या दिवशी नवीन कुलूप बसलं अन् साहेब दौऱ्यावर गेले. जीप अर्धा दिवस बंद होती, माय. माझं नाव मात्र शाळेतून काढलं ते काढलंच. मास्तर दोनदा घरी आले, पोरगी हुशार आहे म्हणाले. तू त्यांले चहा दिलास. पदर सावरून, कपबशी पुसून दिलास. पुढं कितीतरी वर्षं मी वाट पाहत होती का तू कधीतरी म्हणशील, गाठ मी मारली होती. माझ्या लग्नात नाही म्हणालीस. बाबा गेले तेव्हा नाही, आता तर भ्यायचं कोणाले होतं? दवाखान्यात तुझे पाय मी दाबून देत होती, तेव्हाही तू शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेबद्दल बोलत राहिलीस. काहून वं?

त्या दिवसापासून मी निर्माल्य बोटांनी चाचपल्याशिवाय टाकत नाही. एकेक फूल. घरचे हसतात. तर यंदाच्या निर्माल्यात चावी नव्हती हे मले पक्कं माहीत होतं. पण मी ताबडतोब पोराले म्हटलं, "तिनं नाही हरवली. मी निर्माल्यासोबत टाकून आली." तो म्हणाला, "आई, तू बी ना." अन् तोंड धुवायले गेला. झालं. एवढंच होतं ते. एका वाक्याचं काम.

पोरगी त्या दिवशी शेजारणीच्या स्कूटीवर गेली. दुपारी ती आल्यावर चावीवाला घरीच आला. मी खुर्ची टाकून बाजूले बसली, मले सगळं पाहायचं होतं. तो म्हणाला, नव्या चावीले दांते तर आत्ता पाडून देतो, दार उघडेल, पण गाडी सुरू होणार नाही. मी म्हटलं तारा जोड ना बापू, तर हसला. आता चावीच्या डोक्यात तांदळाएवढी चिप असते म्हणे. चावी फिरवली की गाडी तिले विचारते, तू आपल्यातली का. उत्तर बरोबर आलं तरच इंजिन चालू, नाही तर नुसतं लाल चित्र लुकलुकत राहते. त्यानं आधी गाडीचे कागद मागितले, कोणाची गाडी आहे ते पाहिल्याशिवाय हात लावत नाही म्हणाला. कागदावर माझ्या नातीचं नाव छापलेलं होतं, मी ते दोनदा वाचलं. मग त्यानं स्टेअरिंगखाली मशीन जोडली, दोन नव्या चाव्यांची ओळख गाडीले करून दिली, अन् हरवलेलीचं नाव तिच्या डोक्यातून काढून टाकलं. ती चावी कोणाले सापडली तर दार उघडेल, गाडी चालणार नाही. मी विचारलं, अन् गाडी? तो म्हणाला, गाडीले काय होते आजी, गाडी तशीच चालते. मले हसू आलं अन् मग चहा करायले आत जावं लागलं.

आठ दिवसांनी नातीचा पांढरा कोट धुवायले घेतला तर खाली शिवणीत काहीतरी कडक लागलं. खिसा फाटला होता, चावी अस्तरात उतरून बसली होती. मी दोरा उसवून काढली, खिसा शिवून टाकला, अन् कोणालेच सांगितलं नाही. आता ती माझ्या पोथीच्या डब्यात आहे, ही पानंही फाडून तिथंच ठेवीन.

एक राहिलं. मी ताबडतोब बोलली असं वर लिहिलं, ते खरं नाही. पोरगा बोलून राहिला होता अन् मी आणखी दोन पोळ्या लाटल्या. माझंही लाटणं थांबलं नव्हतं, माय. दुसरी पोळी तव्यावर जळाली, ती मीच खाल्ली.