पहिले दोन राघू

नाचणगाव

प्रिय मुकेश,

तुमच्या तुकडीतले मोबाईल जमा केले म्हणे, म्हणून कागद घेतला. मी या घरात आली तेव्हा तू पाचवीत होता, तुले कधी भाऊजी म्हटलं नाई, आताही म्हणत नाई. तुझे बाबा, आपले मामाजी, बरे आहेत. वांगे पुलगावच्या बाजारात जाऊन राह्यले.

तुझ्या दादाच्या तेरवीले मी तुझा हात त्याच्या फोटोवर ठेवून शपथ घातली होती, की आकाशात जे दिसेल ते पाडायचं, एकही सोडायचं नाई. ज्यांनी त्याच्या तोफेवर ड्रोन टाकला, त्यांचं वाटोळं मी आजही रोज सकाळी चूल पेटवताना मागते. त्यात काही कमी झालं नाई.

परवा रजत सुट्टीवर आला तो घरी येऊन गेला. सिंदीचा, दादाच्या शेजारच्या तोफेवर होता तो. त्यानं सारं सांगितलं. त्या दिवशी आधी आले ते रिकामे, स्वस्तातले ड्रोन होते, आपल्या तोफा कुठं लपल्या ते पाहायले धाडलेले. रडार बंद, तोफा जाळीखाली, हुकूम येईपर्यंत गप्प बसायचं होतं. एकानं घाई करून तोफ चालवली. जागा उघडी पडली, अन् मागून बॉम्बवाला आला तो सरळ दादावर.

मले माझा पहिला हंगाम आठवला. ज्वारीच्या मचाणावर गोफण घेऊन बसली होती. दोन राघू आले की भिरकावला गोटा. राखण कुठं आहे ते त्याइले कळलं, अन् सारा थवा पल्याडच्या धुऱ्याकडच्या कणसांवर उतरला. मामाजी लय बोलले. पहिले दोन पाहायले येतात, त्याइले बसू द्यायचं, थवा टप्प्यात आला की गोफण फिरवायची. तू खाली उभा राहून हसत होता. मग आता काऊन विसरला? मागच्या पंधरवड्यात तूही हुकमाआधी तोफ चालवली, हेही रजतनंच सांगितलं. मागून काही आलं नाई, हे नशीब.

मुकेश, त्या दिवशी घाई करणारा रजतच होता. माझ्या पायाशी बसून त्यानं कबूल केलं. त्याचं थोबाड फोडावं वाटलं मले. चहा दिला तो आपटूनच दिला. पण तो गेल्यावर मी दादाच्या फोटोसमोर जाऊन बसली, कारण त्यानं भीतीनं केलं तेच तुले करायले मी शपथ घालून सांगितलं होतं. तुझ्या शेजारच्या तोफेवरही कोणाचा तरी नवरा बसला असेल. म्हणून ती शपथ मी परत घेते अन् दुसरी घालते. पहिले आले की दात-ओठ खाऊन गप्प बसजो. मग खरा आला, हुकूम आला, की त्याले खाली आणजो, अन् दादाचं नाव घेऊन आणजो.

तुझीच, काही न विसरलेली
रंजितावहिनी